धाकट्या सुरईचं बूच

तिच्या खोलीत खिडकीपाशी फळीवर एक काचेचं बूच आहे. लाल काचेत दुधी फराटे आणि त्यांतून गेलेली एक निळी रेघ. खालचा निमुळता भाग घासून धुरकट केलेला. बाटली नाही, नुसतंच बूच. घरी आलेलं माणूस ते हातात घेऊन बघतं आणि विचारतं, "याची बाटली कुठंय?" ती म्हणते, "आहे एका ठिकाणी." त्यापुढं कुणी खोदून विचारलं, तर चहा गार होतोय याची आठवण करून देते.

बुचं घासण्यात तिचा जन्म गेला. सगळे तिला बूचबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. वाळू, पाणी आणि काच यांनी तिच्या बोटांच्या शेंड्यांवरच्या रेषा कधीच पुसून टाकल्या आहेत. ती उंचीनं बेताची, खांद्यांनी रुंद, बोलायला कंजूष. आणि एक गोष्ट सांगितली नाही तर तिचं काहीच सांगितलं नाही असं होईल: ती डूख धरते. क्षमा करणारी माणसं चांगलीच असतात, पण त्यांच्या गोष्टी चटकन संपतात. हिची तशी संपली नाही.

तिचे बाबा काचेच्या कारखान्यात फुंकणीवर होते. लांब नळीच्या टोकाला तापलेली काच घ्यायची आणि फुंकून तिची बाटली करायची, हे त्यांचं काम. त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. पाळी संपताना भट्टीतल्या मडक्यांच्या तळाशी जी काच उरेल, ती फुंकणाऱ्यांची. एका मडक्यात लाल, दुसऱ्यात दुधी, तिसऱ्यात हिरवी, कशातच पुरी बाटली होईल एवढी नाही. मग घरी जायच्या आधी हे लोक त्या उरल्यासुरल्या काचा एकमेकींत गुंडाळायचे, पीळ द्यायचे आणि फुंकायचे. त्यातून जी सुरई निघायची तिच्या अंगावर जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावरच्या अबरी कागदासारखी रंगांची वळणं उमटायची. म्हणून तिला अबरी सुरई म्हणायचे. दुसरी तशीच करायची म्हटलं तरी व्हायची नाही. आज लोक ज्या जुन्या सुरया कपाटात कुलूप लावून ठेवतात, त्यांचं कुळ आणि मूळ एवढंच. दमलेल्या माणसांनी घरी जाता जाता खरवडून काढलेला तळ.

पण दोन काचा एकत्र आणणं सोपं नसतं. काही काचांचं एकमेकींशी पटत नाही. गरम असताना गळ्यात गळा घालतात आणि निवताना एक जास्त आकसते, एक कमी, की सुरई आपोआप तडकते. कुठल्या काचेचं कुठलीशी पटतं, हे आई सांगायची. आई कारखान्याच्या आवारात फुटक्या काचा निवडायला होती. औषधांच्या बाटल्यांची निळी, कंदिलांची लाल, अशी रंगवार रास लावायची आणि बाबांना मूठमूठ आणून द्यायची. बाबा दोन तुकडे एकत्र वितळवून चिमट्यानं त्यांचा लांब दोरा ओढायचे. दोरा सरळ राहिला तर पटलं, वाकला तर भांडण. आई दोरा ओढायच्या आधीच सांगायची, "वाकणार बघा." आणि तो वाकायचा. बाबा म्हणायचे, "आपलं लग्न ठरवताना तूच का नाही बसलीस बैठकीत?"

पुढं बाबांनी घराच्या पुढच्या खोलीत या सुरयांचं छोटं दुकान काढलं आणि मागच्या खोलीत आईसाठी घासायचं चाक बसवलं. सुरईचं बूच बाजारात मिळत नाही. ते चाकावर वाळूनं घासायचं, बारीक करत आणायचं, आणि शेवटी त्याच सुरईच्या गळ्यात घालून, पूड लावून, फिरवत फिरवत दोघांना एकमेकांचं माप घ्यायला लावायचं. असं घासलेलं बूच मग त्या एका गळ्यातच नीट बसतं. दुसऱ्याच्या गळ्यात ते परकं.

गिऱ्हाईक आलं की बाबा सुरई काठोकाठ पाण्यानं भरायचे, बूच लावून किंचित पीळ द्यायचे आणि फक्त बुचाला धरून सगळी सुरई वर उचलायचे. खाली फरशी. गिऱ्हाइकाचा श्वास अडकायचा. मग बाबा म्हणायचे, "ही पकड माझ्या बायकोची आहे." लोक हसायचे, बाबाही हसायचे. मागच्या खोलीत त्या वाक्याच्या वेळी चाक थांबायचं. आई चाक फिरवायचा पायटा सोडून ऐकत बसायची, आणि वाक्य झालं की पुन्हा चाक सुरू. मुलगी शेजारी बसून बुचं पुसायची आणि आईचं तोंड बघायची. आईला त्या घरात दागिना असा काही मिळाला असेल, तर ते वाक्य.

बाबा गेले आणि दुकान दादाकडं आलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा कारभार. तळाची काच, फुटक्या बाटल्या, असलं काही गिऱ्हाइकाला सांगायची त्याला लाज वाटायची. त्यानं गोष्ट रचली. म्हणे पणजोबा एका राजवाड्यात काचेचे कारागीर होते आणि हे रंग तिथली गुप्त विद्या. पुढच्या वर्षी पणजोबा कारागिरांचे मुख्य झाले, त्याच्या पुढच्या वर्षी राजाचे जिवलग मित्र. आणखी थोडी वर्षं गेली असती तर ते स्वतःच गादीवर बसले असते. खरे पणजोबा गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे आणि त्यांनी राजवाडा पाहिला असेल तर बाहेरून, तोही डोक्यावर पाटी असताना.

बुचाला धरून सुरई उचलायचा खेळ दादानं ठेवला. वाक्य तेवढं टाकून दिलं. "ही पकड शंभर वर्षांच्या विद्येची आहे," असं तो म्हणायचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आईनं सवयीनं चाक थांबवलं होतं. मग म्हणाली, "विसरला असेल." नंतर ती चाक थांबवेनाशी झाली.

तोवर काचेची धूळ आईच्या छातीत बसली होती. ढास लागली की थांबायची नाही. दुकानात गिऱ्हाईक बिचकतं म्हणून दादानं मधल्या दाराला दुकानाच्या बाजूनं कडी बसवली. गिऱ्हाईक आलं की कडी लावायची, गेलं की काढायची. मागच्या खोलीला दुसरी वाट नव्हती.

एका दुपारी आईला ढास फार लागली, म्हणून मुलगी औषध आणायला गेली. परत आली तेव्हा दुकानात एक बडं जोडपं बसलं होतं आणि दादा राजवाड्यात शिरला होता. दाराला कडी. आतून खोकल्याचा दबका आवाज येत होता. ती दाराकडं निघाली तर दादानं बोलणं न थांबवता तिच्यापुढं हात आडवा धरला आणि डोळ्यांनी सांगितलं, थांब. ती थांबली. औषधाची बाटली हातात धरून, नोकरासारखी, कपाटाला टेकून उभी राहिली. पणजोबांचं राजाशी बोलणं झालं. राजानं त्यांना शाल दिली. कधीतरी मधेच आतला आवाज बंद झाला, आणि तिला वाटलं, बरं झालं, आईला जरा डोळा लागला.

जोडपं सुरई घेऊन गेल्यावर दादानं कडी काढली. आई चाकाजवळ खाली पडलेली होती. एक हात दाराकडं.

दादा रडला. खूप रडला, खोटं कशाला बोला. आलेल्या-गेलेल्याला सांगत राहिला की शेवटपर्यंत आईची सेवा केली. ती रडली नाही. आपण का थांबलो, हे तिनं स्वतःला हजारदा विचारलं आणि दरवेळी तो आडवा हात डोळ्यांपुढं आला. तिनं तो हात मनात जपून ठेवला. लोकांना वाटलं, आता ही दुकान सोडून जाईल. ती गेली नाही. आईच्याच चाकावर बसून बुचं घासत राहिली, दादाचं ऐकत राहिली, वहिनीनं दिलेल्या ताटावर जेवत राहिली. डूख धरणाऱ्याला लांब राहून चालत नाही.

वर्षं गेली. अबरी सुरया करणारा कारखाना बंद पडला, भट्ट्या विझल्या आणि ज्या सुरया उरल्या त्यांना एकदम मोल आलं. दुकानात बाबांच्या हातच्या दोनच राहिल्या होत्या. एकाच दिवशी, एकाच तळाच्या काचेतून फुंकलेल्या. मोठीला बाबा थोरली म्हणायचे आणि लहानीला धाकटी. दोघींची बुचं आईची. शहरातल्या वस्तुसंग्रहालयानं त्या मागितल्या. संग्रहालयाच्या बाई येऊन बघून गेल्या, आणि ठरलं की दुकानातच छोटा समारंभ करायचा, चार लोक बोलवायचे, दादानं सुरयांचा इतिहास सांगायचा, उचलायचा खेळ दाखवायचा आणि सुरया सुपूर्द करायच्या.

तिनं त्या आठवड्यात दादाला एकदाच विचारलं.

"दादा, उचलताना बाबा जे म्हणायचे, ते म्हणशील?"

"काय म्हणायचे बाबा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं, की आठवत असून विचारत होता, कोण जाणे. तिनं वाक्य सांगितलं.

"अगं, तिथं मोठी माणसं येणार. बायकोची पकड काय न् काय! हसतील लोक."

"बाबांच्या वेळीही हसायचे."

"बघू," दादा म्हणाला. या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना तिनं थोरलीचं बूच काढलं आणि चाकाशी बसली. बुचाचा घासलेला भाग गळ्याला वरपासून खालपर्यंत टेकतो, तेव्हा पकड येते. तिनं वरची बारीकशी कड तशीच ठेवली आणि त्याखालचं सगळं बारीक पुडीनं केसभर उतरवलं. डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. धुरकटपणा तोच, बसणं तेच, फिरवलं की अडकल्यासारखं वाटणंही तेच. फक्त आता ते गळ्याला धरून नव्हतं, गळ्यात नुसतं उभं होतं. बाबांची सुरई फुटेल, हे तिला कळत होतं. पण फुटलेल्या काचेसाठी बाबा कधी हळहळले नव्हते. पुन्हा भट्टीत जाईल, म्हणायचे. तिला दादाचं तोंड बघायचं होतं. जमलेल्या लोकांपुढं, राजवाडा सांगून झाल्यावर, हातात नुसतं बूच धरून उभा असलेला दादा. एवढ्यासाठी ती इतकी वर्षं त्या घरातलं अन्न गिळत आली होती.

समारंभाच्या सकाळी दादानं थोरली उचलून पाहिली. रिकामी. रिकामी सुरई तेवढ्या कडेवर तगली. बाबांनी रिकामी सुरई कधीच उचलली नव्हती. भरल्यावर काय होतं ते बघायचं, म्हणायचे. दादानं मान डोलावली आणि तो दाढी करायला गेला.

संध्याकाळी लोक आले. संग्रहालयाच्या बाई पुढच्या खुर्चीत, शेजारी फोटो काढणारा, मागं ओळखीचे दुकानदार. मधलं दार उघडं होतं आणि ती उंबऱ्यावर उभी होती. आत आईचं चाक. दादा बोलायला लागला. आज त्याची जीभ फारच सैल सुटली होती. राजवाडा झाला, गुप्त विद्या झाली, शाल झाली. ती एकेक शब्द ऐकत होती आणि प्रत्येक शब्दाबरोबर आत थंड होत होती. त्यानं थोरली पाण्यानं भरली, बूच लावलं, पीळ दिला. आणि मग थांबला. कशानं थांबला, देव जाणे. कदाचित बाईंनी आधी विचारलं असेल की घरातल्या बायका काय काम करायच्या. कदाचित त्याला वाटलं असेल की हल्ली आईचं नाव घेतलं की माणसं हळवी होतात. कदाचित, अगदी कदाचित, त्यालाही काही आठवलं असेल.

"माझे वडील इथं उभे राहून एक वाक्य म्हणायचे," दादा म्हणाला. "तेच म्हणतो. ही पकड माझ्या आईची आहे."

तोंड उघडायला वेळ होता. 'थांब' हा दोन अक्षरांचा शब्द. पण त्या दुपारी तिला थांबवणारा हात तिला दिसला आणि तिनं दात आवळून ठेवले. दादानं बूच धरून थोरली उचलली. टेबलापासून वीतभर वर गेली, आणखी वर गेली, आणि निसटली.

काच फुटल्याचा आवाज सगळ्यांना ठाऊक असतो. फरशीवर पाणी पसरलं, त्यात लाल-दुधी तुकडे. दादाच्या हातात बूच. तोंडाचा रंग उडालेला. हेच तोंड तिला बघायचं होतं. अगदी हेच. तिनं ते पाहिलं, आणि वर्षानुवर्षं पोटात धरलेली आग पहिल्यांदा सुखानं पेटली. कोण कबूल करेल असलं, पण खरं तेच.

ते सुख टिकलं नाही. खुर्चीतल्या बाई हळूच म्हणाल्या, "अरेरे. आईंच्या हातचं बूच होतं ना?" मागचा एक दुकानदार चुकचुकला. आणि दादानं कपाळावरचा घाम पुसला आणि लगेच, किती लगेच, आधार शोधला.

"आईचा हात शेवटी शेवटी थरथरायचा हो," तो म्हणाला. "वय झालं होतं. काम कच्चं राहिलं असणार."

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. नेम दादावर धरला होता आणि लागला आईला. जन्मभर एक वाक्य ऐकायला आसुसलेली आई, आणि ते वाक्य म्हटलं गेलं त्याच क्षणी आईची पकड लोकांदेखत खोटी ठरली होती. तीही तिच्या स्वतःच्या मुलीच्या हातानं.

बूचबाई उंबरा ओलांडून दुकानात आली. पाण्यातून, काचांवरून. तिनं दादाच्या हातातलं बूच काढून घेतलं आणि बाईंपुढं धरलं.

"यावरून बोट फिरवा. वर कड लागते, खाली लागत नाही. हे मी घासलंय. मुद्दाम. आईनं नाही."

"वेड लागलंय का तुला?" दादा म्हणाला.

"लागलं असेल. आणि राजवाडा नव्हता, बाई. कारखाना होता. मडक्यांच्या तळाची काच होती, आवारातल्या फुटक्या बाटल्या होत्या. त्या माझी आई निवडायची. कुठली काच कुठलीशी नांदेल ते ती सांगायची. ती त्या दारामागं मेली आणि दाराला इकडून कडी होती. यानं लावलेली. मी इथं उभी होते. यानं थांब म्हटलं, मी थांबले."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. वहिनी पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

तिनं धाकटी पुढं ओढली. तांब्यानं पाणी ओतून ती काठोकाठ भरली, आईनं घासलेलं बूच लावलं आणि किंचित पीळ दिला. मग बुचाला धरून सुरई उचलली. टेबलावरून बाजूला नेऊन थेट फरशीवर, थोरलीच्या तुकड्यांच्या वर धरली. सुरई हलली नाही.

"म्हण," ती दादाला म्हणाली.

"ठेव खाली. हे बघ, आपण नंतर बोलू."

"म्हण."

तिचा दंड थरथरायला लागला होता. बूच थरथरत नव्हतं. दादानं आजूबाजूला पाहिलं, कुणाशीच नजर जुळेना.

"ही पकड माझ्या आईची आहे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. आवाज फाटला. तिनं मागच्या खोलीकडं मान वळवली, जशी लहानपणी वळवायची, आईचं तोंड बघायला. चाक थांबलेलंच होतं. मग तिनं धाकटी टेबलावर ठेवली, बूच उलट पिळून काढलं, पदराला पुसलं आणि ते घेऊन रस्त्यावर आली.

आता ती प्रयोगशाळांच्या बाटल्यांची बुचं घासते. पांढरी काच, रंगांची भानगड नाही. धाकटी संग्रहालयात आहे, उघड्या तोंडाची. राजवाडा कुठं लिहिलेला नाही. खाली पाटी आहे, बूच गहाळ. बाईंनी निरोप पाठवला होता, बूच द्या म्हणजे घासणारीचं नाव पाटीवर लिहू. ते तिनं कबूल केलंय. पण बूच दादानं स्वतः संग्रहालयात नेऊन द्यायचं, अशी तिची अट आहे, आणि ते ती दादाला देत नाही.

दादा दोनदा आला. दुकान मोडलं, हल्ली त्यालाही दम लागतो. दुसऱ्या खेपेला जिना चढून आला तेव्हा बराच वेळ भिंतीला धरून उभा होता. "आईच्या नावासाठी तरी दे," म्हणाला. फळीवरचं बूच त्याला दारातून दिसत होतं. उन्हात निळी रेघ चमकत होती.

ती उठून दाराशी आली. त्याच्यापुढं हात आडवा धरला.

"थांब," म्हणाली, आणि दार लावून आतून कडी घातली. बाहेर तो खोकत होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तो आवाज जिना उतरून जाईपर्यंत ऐकत राहिली.